न ओळखलेला शत्रू : श्रीनिवास रामानुजन

कावेरीच्या काठावरचे कुंभकोणम हे तमिळनाडूतले गाव देवळांसाठी, पितळी भांड्यांसाठी आणि विड्याच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला ते तसे परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला जे राज्य उभारले, त्या मुलखातले हे गाव. बडोदा संस्थानचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली इथल्याच एका मराठी कुटुंबात झाला. पण आज कुंभकोणमचे नाव जगात घेतले जाते ते एका कापड दुकानातल्या कारकुनाच्या मुलामुळे. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन यांचे गणित आपल्यापैकी बहुतेकांना कळण्यापलीकडचे आहे, मलाही. पण त्यांच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट आहे आणि सैनिकी शाळेत शिकणाऱ्यांनी ती समजून घ्यावी असे मला वाटते. त्यांना ज्या शत्रूने गाठले तो डोळ्यांना दिसणारा नव्हता, आणि तो नेमका कोण होता हे त्यांच्या डॉक्टरांना शेवटपर्यंत खात्रीने सांगता आले नाही.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. वडील श्रीनिवास अय्यंगार कुंभकोणमला साड्यांच्या दुकानात हिशेब लिहीत. आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणत. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर त्यांचे लहानसे घर होते. दोन वर्षांचे असताना, १८८९ च्या डिसेंबरात, रामानुजन यांना देवी आल्या. त्या काळी देवीने गावेच्या गावे रडत. हे मूल वाचले, पण तोंडावर व्रण राहिले. त्यांच्या पाठची तीन भावंडे तान्ही असतानाच गेली. जंतूंशी त्यांची गाठ अशी लहानपणापासूनच होती.

१८९७ साली ते प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात पहिले आले आणि पुढच्या वर्षी कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास जी. एस. कार या इंग्रज शिक्षकाचे एक जाडजूड पुस्तक त्यांच्या हाती पडले. त्यात सुमारे ५,००० सूत्रे होती, आणि बहुतेकांची सिद्धता दिलेली नव्हती. दुसऱ्या एखाद्या मुलाने ते मिटून ठेवले असते. रामानुजन यांनी एकेक सूत्र स्वतः पडताळून पाहिले आणि मग पुस्तकात नसलेली नवी सूत्रे काढायला सुरुवात केली. कागद महाग असल्यामुळे ते पाटीवर गणित करत, कोपराने पुसत आणि फक्त उत्तर वहीत उतरवून ठेवत.

१९०४ साली त्यांना गणिताचे पारितोषिक मिळाले आणि कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीही मिळाली. पण गणितापुढे त्यांना इंग्रजी, इतिहास आणि शरीरशास्त्र दिसेना. ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातही तेच घडले. १९०६ आणि १९०७ अशी दोन वर्षे ते परीक्षेत नापास झाले. पदवी नाही, नोकरी नाही. १९०९ साली जानकी यांच्याशी त्यांचे लग्न झाले, आणि आता कमावणे भाग होते. वह्या काखेत मारून ते ओळखीच्या आणि अनोळखी माणसांच्या दारी जाऊ लागले.

याच काळात व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी त्यांच्या वह्या पाहिल्या. अय्यर हे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक. या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, आणि केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा तिच्या कामात वाटा होता. रामानुजन यांचा पहिला संशोधन लेख १९११ साली याच संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. १ मार्च १९१२ रोजी त्यांना मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकुनी मिळाली.

१६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले आणि सोबत आपली सूत्रे पाठवली. हार्डी यांनी मित्र लिटलवुड यांच्यासह ती तपासली. अशी सूत्रे कोणी भोंदू रचू शकणार नाही हे दोघांनाही पटले. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन मद्रासहून नेवासा या जहाजाने इंग्लंडला निघाले.

ते केंब्रिजला पोचून चार महिने होतात न होतात तोच पहिले महायुद्ध पेटले. लिटलवुड तोफखान्यात गेले आणि तोफगोळ्यांच्या मार्गाचे गणित करू लागले. रामानुजन यांचे काम मात्र थांबले नाही. हार्डी यांच्याबरोबर त्यांनी संख्यांच्या विभाजनांचे सूत्र शोधले. ४ ही संख्या बेरजेच्या रूपात पाच प्रकारांनी लिहिता येते : ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. मग २०० ही संख्या किती प्रकारांनी लिहिता येईल? तोफखान्यातले निवृत्त अधिकारी मेजर मॅकमेहन यांनी हाताने हिशेब करून उत्तर काढले : ३९,७२,९९,९०,२९,३८८. रामानुजन आणि हार्डी यांच्या सूत्राने तेच उत्तर मिळाले.

पण शरीर साथ देत नव्हते. रामानुजन कडक शाकाहारी होते आणि स्वतःच रांधून खात. युद्धामुळे भाजी, फळे, दूध यांची टंचाई झाली. थंडी सोसत नव्हती, झोपेचे वेळापत्रक उरले नव्हते. १९१७ च्या वसंतात ते आजारी पडले आणि त्यानंतर इंग्लंडमधला त्यांचा बहुतेक काळ दवाखान्यांत आणि क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांत गेला. आधी केंब्रिज, मग मेंडिप टेकड्या, मग मॅटलॉक, शेवटी लंडनचे पटनी. मेंडिपचे आरोग्यधाम चालवणारे डॉ. चौरी मुथू हे भारतीयच होते. पुढे १९२८ साली त्यांनी मद्रासजवळ तांबरमला आरोग्यधाम काढले. १७२९ या संख्येची गोष्ट पटनीची. भेटीला आलेल्या हार्डी यांनी आपल्या टॅक्सीचा क्रमांक अगदीच नीरस असल्याचे सांगितले, तर अंथरुणावरच्या रामानुजन यांनी क्षणात दाखवून दिले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. एकदा १२ आणि १ यांच्या घनांची बेरीज, एकदा १० आणि ९ यांच्या घनांची.

डॉक्टरांनी आधी जठरातला व्रण म्हटले, मग रक्तदोष, मग यकृताचा कर्करोग. अखेरीस क्षय हेच निदान धरून उपचार झाले. उपचार तरी कसले? मोकळी हवा, विश्रांती आणि पौष्टिक अन्न. क्षयाच्या जंतूला मारणारे औषध तेव्हा जगात कुठेच नव्हते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधला. २४ मार्च रोजी त्यांनी बर्लिनला तो शोध जाहीर केला, म्हणून तो दिवस आज जागतिक क्षयरोग दिन आहे. शत्रूचा चेहरा तेव्हा कळला, पण तो लढतो कसा हे कळायला आणखी शंभराहून जास्त वर्षे लागली. ते समजण्यासाठी आपल्या पेशीच्या आत डोकवायला हवे.

पेशी म्हणजे एक किल्लाच. बाहेर तटबंदी, म्हणजे प्रद्रव्यपटल. आत वेगवेगळी दालने आणि प्रत्येक दालनाला स्वतःचे पटल. ही पटले स्निग्ध पदार्थांच्या रेणूंच्या दोन थरांची असतात आणि मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतात. तरीही पेशीचे सारे काम त्यांच्यावर चालते, कारण कोणती वस्तू कोणत्या दालनात राहावी हे तीच ठरवतात. आपल्या रक्तात आणि फुप्फुसांत भक्षक पेशी असतात. त्या पहारेकऱ्यांसारख्या फिरतात आणि दिसेल त्या जिवाणूला गिळतात. गिळलेला जिवाणू पेशीत मोकळा सुटत नाही. पटलाच्या एका पिशवीत तो कैद होतो. मग लयकारिका नावाची दुसरी पिशवी येऊन त्या कोठडीला मिळते. लयकारिकेत आम्ल आणि पाचक विकरे असतात. बहुतेक जिवाणूंचा निकाल तिथेच लागतो.

क्षयाचा जिवाणू इथे दोन डाव खेळतो. पहिला डाव म्हणजे लयकारिका कोठडीला मिळू नये अशी व्यवस्था करणे. पहारेकऱ्याच्या पोटात तो असा सुरक्षित बसतो आणि अगदी सावकाश वाढतो. इतर पुष्कळ जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर याला जवळजवळ एक दिवस लागतो. दुसरा डाव कोठडी फोडण्याचा. या जिवाणूच्या अंगावर प्रथिने बाहेर टाकणारी एक यंत्रणा असते. शास्त्रज्ञ तिला ईएसएक्स-१ म्हणतात. ती चालली की कोठडीचे पटल फाटते आणि पेशीच्या गाभ्याची वाट खुली होते. आता जिवाणूचे विष तिथवर पोचू शकते. क्षयाच्या जिवाणूला विष नाहीच अशी समजूत फार वर्षे होती. २०१४ च्या सुमारास ते विष सापडले. पेशीला ऊर्जा मिळवण्यासाठी लागणारा एक आवश्यक रेणू ते तोडून टाकते. पेशी मरते, फुटते, आणि आतले जिवाणू शेजारच्या पेशींवर चालून जातात. किल्ला बाहेरून पडला नाही, आतल्या कैद्याने पाडला.

ही युक्ती एकट्या क्षयाची नव्हे. आपल्याला लहानपणी जिची लस टोचली जाते त्या घटसर्पाचे विषही आतली भिंतच भेदते. पेशी ते विष पिशवीत भरून आत घेते. पिशवीतले आम्ल वाढले की विष आपला आकार बदलते, पिशवीच्या पटलात शिरते आणि आपला मारक भाग पलीकडे ढकलते. पेशीने बचावासाठी वापरलेले आम्लच त्याला वाट दाखवते. तो मारक भाग मग पेशीचे प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडतो.

आता रामानुजन यांच्याकडे परत येऊ. १९९४ साली डॉ. डी. ए. बी. यंग यांनी त्यांच्या आजाराच्या उपलब्ध नोंदी पुन्हा तपासल्या. आजाराची वाटचाल त्यांना क्षयाशी जुळेना. इंग्लंडला जाण्यापूर्वी रामानुजन यांना दोनदा आमांश झाला होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांचे मत असे पडले की हा अमिबामुळे झालेला यकृताचा आजार असावा. अमिबा जिवाणू नव्हे, तो एकपेशीय सजीव आहे. दूषित पाण्यातून तो आतड्यात येतो. आमांश बरा झाला तरी तो मागे उरू शकतो, रक्तावाटे यकृतात जातो आणि पुष्कळ दिवसांनी, कधी काही वर्षांनी, तिथे गळू करतो. त्याची लढाईही पटलांवरचीच. तो पेशीला चिकटतो आणि छिद्रे पाडणारी प्रथिने तिच्या पटलात सोडतो. पेशीचे लचके तोडून खातानाही तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आहे.

रामानुजन यांचे शवविच्छेदन झाले नव्हते, त्यामुळे हा निवाडा आता पुराव्याने करता येणार नाही. काही अभ्यासक यंग यांच्या बाजूचे आहेत, काही नाहीत. पण त्यांच्या म्हणण्यातला एक मुद्दा मनाला लागतो. क्षयावर तेव्हा औषध नव्हते, आणि अमिबावर मात्र होते. कलकत्त्याचे डॉ. लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ सालीच एमेटिनच्या इंजेक्शनांनी अमिबाचा आमांश आणि यकृताचा आजार बरा करता येतो हे दाखवले होते. यंग यांचे म्हणणे खरे असेल, तर रामानुजन यांना वाचवू शकणारे औषध होते आणि शत्रूचे नाव चुकल्यामुळे ते वापरले गेले नाही. रणांगणावर तोफा कितीही असोत, त्यांची तोंडे चुकीच्या टेकडीकडे वळवली तर काय उपयोग?

या आजारपणातच मोठे मान त्यांच्याकडे चालून आले. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांच्या आधी हा मान फक्त एका भारतीयाला, मुंबईचे अभियंते अर्देशर कर्सेटजी यांना, १८४१ साली मिळाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते ट्रिनिटी महाविद्यालयाचे पहिले भारतीय फेलो झाले. मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंड द्यायचे ठरवले, तेव्हा जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी उत्तर पाठवले. ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा जास्त आहे, आईवडिलांना द्यायचे आणि इंग्लंडमधल्या खर्चाचे पैसे वगळता उरलेल्या पैशातून गरीब आणि अनाथ मुलांची फी व पुस्तके भागवावीत, असे त्यांनी कळवले. फीअभावी आणि शिष्यवृत्तीअभावी काय होते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबई बंदरात उतरले. आई आणि धाकटा भाऊ न्यायला आले होते. उन्हाळा कावेरीकाठच्या कोडुमुडीला काढून सप्टेंबरात ते कुंभकोणमला आले. ज्या गावात ते दोनदा मोठे झाले, एकदा वयाने आणि एकदा गणिताने, तिथे आता ते अंथरुणावर होते. क्षयाचे डॉक्टर उपचार करत होते, पत्नी जानकी शुश्रूषा करत होत्या. वेदना वाढल्या तरी ते पाटी मागून घेत. जानेवारी १९२० मध्ये त्यांना मद्रासला हलवले. १२ जानेवारीला त्यांनी हार्डी यांना शेवटचे पत्र लिहिले. त्यात आजाराच्या तक्रारी नव्हत्या. मॉक थीटा नावाच्या अगदी नव्या फलांची माहिती होती. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपेट भागात ते वारले. वय ३२.

त्या शेवटच्या वर्षाचे कागद पुढे केंब्रिजला पोचले आणि विस्मरणात गेले. १९७६ साली अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांना ते ट्रिनिटीच्या ग्रंथालयात सापडले. मॉक थीटा फलांचे कोडे २००२ साली झ्वेगर्स या डच गणितज्ञाने उलगडले. ज्या माणसाचे शरीर एकेक पेशी करून ढासळत होते, त्याने केलेले काम समजायला निरोगी माणसांना ८० हून जास्त वर्षे लागली.

क्षयाविरुद्धच्या लढाईचे काय झाले? १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि १९५२ साली आयसोनायझिड वापरात आले. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. या केंद्राने १९५९ साली जगाला दाखवून दिले की नियमित गोळ्या घेतल्या तर घरी राहून उपचार घेणारा गरीब रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. घरादारापासून दूर, थंड खोल्यांत महिनोन् महिने पडून राहण्याची गरज संपली. ती संस्था आजही चालू आहे आणि ती चेटपेटलाच आहे, रामानुजन यांनी जिथे शेवटचा श्वास घेतला त्याच भागात.

तरीही लढाई संपलेली नाही. जगातले सर्वांत जास्त क्षयरोगी आजही आपल्या देशात आहेत. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन यांपैकी काहीही दिसले तर कॅडेटने ते लपवू नये. परेड चुकेल म्हणून तपासणी टाळू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात. साध्या क्षयाचे औषध सहा महिने घ्यावे लागते आणि बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडले तर उरलेला शत्रू औषधाला न जुमानणारा होऊन परत येतो. शत्रूचे नाव वेळेवर कळणे ही अर्धी लढाई. रामानुजन यांना ती संधी मिळाली नाही, आपल्याला मिळते.

शेवटी आपल्या दंडाकडे पाहा. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक लहान गोल व्रण आहे. तो बीसीजी लसीचा. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचा जिवाणू १३ वर्षे, २३० वेळा, एका खाद्यातून दुसऱ्या खाद्यात वाढवत नेला. होता होता तो निरुपद्रवी झाला. १९२१ साली, रामानुजन यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, ही लस पॅरिसला प्रथम माणसाला दिली गेली. जिवाणू निरुपद्रवी का झाला हे मात्र १९९६ नंतर उलगडत गेले. त्याच्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला होता, आणि कोठडी फोडणाऱ्या त्या ईएसएक्स-१ यंत्रणेचे महत्त्वाचे भाग त्याच तुकड्यात होते. ही लस लहान बाळांना मेंदूच्या क्षयापासून चांगले वाचवते. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती पुरी पडत नाही, म्हणून नव्या लसींचे काम चालू आहे. रामानुजन यांची तीन भावंडे तान्ही असताना गेली, तेव्हा ही लस नव्हती. आपल्या दंडात हत्यार काढून घेतलेला शत्रू टोचला गेला आणि त्याला ओळखायला आपल्या पहारेकऱ्यांना शिकवले गेले, तेही आपल्याला कळण्याआधी.